तव्यावरचं मीठ

आये, दुपारी घरात तव्यावर खडेमीठ तडतडलं की मी आजही हातातलं काम टाकून स्वयंपाकघरात जातो. ट्रकच्या धंद्यात माझे कान तयार झाले. गाडी आवारात शिरली की कुठलं बेअरिंग जाणार ते आवाजावरून सांगतो, ड्रायव्हर चहाची पैज लावून हरतात. गेल्या वर्षी तसाच हा आवाज ऐकला. तुझी सून दार लोटून मीठ तापवत होती. "खांदा भरून आलाय, शेक घेते," म्हणाली. पण मिठाची पुरचुंडी खांद्यावर नव्हती, काखेखाली छातीशी होती, अगदी तू धरायचीस तशी. आपण मिठागरातली माणसं. कसलंही दुखणं गरम मिठाने जाईल असं आपल्याला वाटतं. "गाठ हाय ना?" मी विचारलं. "हाय. पन दुखत न्हाय." तुझंच वाक्य. दुसऱ्या सकाळी तिला घेऊन शहरातलं रुग्णालय गाठलं.

सुईने काढलेल्या तुकड्यात कॅन्सर निघाला. सर्जन म्हणाले, तेवढी गाठ काढू, स्तन राहील, गुरुवारी उरकू. ती जरा सावरली. पण तिथे एक पद्धत आहे. ऑपरेशनआधी सगळे डॉक्टर एका खोलीत बसतात, बाईच्या छातीचे आतले फोटो पडद्यावर लावतात आणि बोलतात. मी बाहेर बाकावर, दार पुरतं लागलेलं नव्हतं. आत रेडिओलॉजिस्ट बाई बोलत होत्या. मला वाटायचं, ही माणसं अंधाऱ्या खोलीत फोटो बघून कागद लिहितात आणि मोकळी होतात. तर त्या म्हणतायत, "ही गाठ सगळ्यांनाच दिसते. मला खालचे हे बारीक ठिपके बरे वाटत नाहीत." सर्जन म्हणाले, "मॅडम, गुरुवारची तारीख दिलीय." "तारीख बदलता येते. इथे सुई घालून बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

मला तू आठवलीस. उधाणाच्या आधी तू अनवाणी बांधावरून चालायचीस. गडी भगदाडावर माती टाकत असायचे आणि तू लांब कुठेतरी थांबून म्हणायचीस, "हितं पायाला गार लागतंय." तिथेच पाणी झिरपत असायचं.

ठिपक्यांतही कॅन्सर होता. बाईंनी तिला शेजारी बसवून फोटो दाखवला, तिला कळेपर्यंत समजावलं. पूर्ण स्तन काढावा लागला. दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून होती. सर्जनच मला म्हणाले, "मॅडमनी अडवलं नसतं तर खालचं आत ठेवून मी टाके घातले असते." आता तिचा उपचार संपत आलाय. परवा म्हणाली, "तुमचे कान आनि त्या बाईंचे डोले, मधी मी आपली फुकट तासली गेली." आणि स्वतःच हसली.

तू त्या गाठीनेच गेलीस. तुझ्या वेळी असे फोटो, असे डॉक्टर आपल्या वाट्याला नव्हते, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खरंच आहे, पण पुरतं नाही. तू पडवीत शेजारणीला म्हणालीस, "गाठ हाय, पन दुखत न्हाय. कुनाला बोलू नको." मी ओटीवर होतो, सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी मला ड्रायव्हर म्हणून गुजरातची पहिली फेरी मिळणार होती. तोंड उघडलं असतं तर तुला दवाखान्यात न्यावं लागलं असतं आणि गाडी दुसऱ्याला गेली असती. परत आलो तेव्हा तू मीठ तापवत होतीस, तेव्हाही विचारलं नाही.

हा कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवतोय, तिथे तुझी सून हात घालत नाही. माझ्या कानांनी तिला वाचवलं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मी चहा पीत राहतो.