डावीकडे वाहणारं पाणी

३ मार्च

पंप उघडला! चार स्क्रू, एक झाकण, आत गोल लोहचुंबक आणि त्याला जोडलेलं नखाएवढं प्लास्टिकचं चक्र. एवढ्याशा जिवावर हा शंभर लिटरची टाकी ढवळणार! खोक्यावर 'जोरदार प्रवाह' असं छापलंय. छापणाऱ्याला एकदा भेटायचंय.

पाणी हलत नाही, म्हणून मासे आळशी. दहाच्या दहा उजव्या कोपऱ्यात दिव्याखाली पडीक. आणि पलंगावरून माझे सासरे दिवसभर तोच उजवा कोपरा बघत असतात. नानांना झटका आल्यापासून जगाला डावी बाजूच उरलेली नाही. डोळे ठणठणीत आहेत, मेंदूनेच ती बाजू सोडून दिलीय. ताटातलं उजवीकडचं संपवतात, डावीकडचं तसंच ठेवतात आणि वर मला म्हणतात, "वाढ."

व्यायाम करून घेणारी बाई म्हणाली, "डावीकडे बघायची त्यांना ओढ लागली पाहिजे. टाकी समोर ठेवलीत ते छान केलंत, पण मासे जरा डावीकडे न्या." न्या म्हणे! हात धरून नेऊ?

४ मार्च

ठरलं. पंप उजव्या काचेला चिकटवायचा, तोंड डावीकडे. पाण्याला एवढा जोर हवा की माशांचे दाणे टाकले की ते वाहत थेट डाव्या टोकाला जातील. दाण्यांमागे मासे, माशांमागे नाना.

मासेवाल्याकडे एक मोठा पंप होता. "तो लावलात तर मासे काचेला चिकटतील, ताई." म्हटलं, मग आहे तोच घरी सुधारते. हसला. हसू दे! बारा वर्षं कवळ्या बनवतेय. ज्या हातांनी लोकांच्या वाकड्यातिकड्या जबड्यांत दात बसवले, त्यांना एका डबीत पंखा बसवता येणार नाही?

६ मार्च

वन्संचा फोन. एकवीस तारखेला येतायत. तोवर नाना स्वतःच्या हाताने पूर्ण ताट जेवायला लागले नाहीत तर त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवायचं. "भावनेच्या भरात निर्णय घेऊ नकोस," हे मला. सहा महिन्यांत दोनदा आलेल्या बाईने! उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बघू." लग्न ठरवतानाही तो "बघू"च म्हणाला होता.

केंद्राचं पत्रक नानांच्या हातात दिलं. त्यांनी चुरगळून फेकलं. उजव्या हाताने. नेम चांगला होता, नवऱ्याच्या कपाळाला लागलं.

म्हणजे त्यांना जायचं नाहीये. आणि मलाही त्यांना पाठवायचं नाहीये. खडूस आहेत, पण आमचे खडूस आहेत.

१० मार्च

खेळण्यातल्या बोटीचा तीन पात्यांचा पंखा आणला. जुनं चक्र काढलं, पुढची जाळी कापली, पंखा चुंबकाच्या दांड्याला घट्ट चिकटवला. बादलीत सोडून बटण दाबलं. नुसतीच गुरगुर! थरथरतोय, फिरत नाही. चुंबक बिचारा जागच्या जागी हिसके देतोय. एवढा मोठा पंखा उभ्याउभ्या ओढायचा कुणी!

दुपारी डोक्यात प्रकाश पडला. पंखा घट्ट नको, थोडा सैल हवा. चुंबकाला आधी अर्धा फेरा मोकळा मिळाला की तो वेग घेईल आणि मग पंख्याला ढकलेल. तशी खाच कोरली. बटण दाबलं.

बादलीतलं निम्मं पाणी भिंतीवर! उरलेलं नवऱ्याच्या वर्तमानपत्रावर. "हे काय चाललंय?" म्हणाला. चला, "बघू" सोडून दुसरं वाक्य येतं तर.

११ मार्च

जुन्या प्रयोगशाळेतून साहेबांचा फोन. कवळ्यांच्या विभागाची मुख्य म्हणून परत या म्हणाले. मुख्य! "तीस तारखेपर्यंत जागा अडवून ठेवतो, त्यानंतर नाही." मी "कळवते" म्हटलं. काय कळवणार? घरी नानांजवळ कोण बसणार? नवऱ्यालाही सांगितलं नाही. उगाच "बघू" ऐकायचं.

नानांना मात्र सांगितलं. माझं कामाचं टेबल त्यांच्या पलंगाच्या डाव्या बाजूला आहे, म्हणजे त्यांच्या लेखी मी तिथे नाहीच. डावीकडचा आवाजही पोचत नसावा. ढिम्म हलत नाहीत. फार सोयीचं आहे! सहा महिने मी तिथे बसून वाट्टेल ते बोलतेय. आजही दात घासता घासता, म्हणजे कवळीचे, सगळं बोलले. तीस तारीख बोलले. "तुमच्यापायी माझी नोकरी गेली, आता दुसऱ्यांदा जातेय," असंही बोलले. मग थोडं रडले. नाना मासे बघत होते.

१३ मार्च

टाकीत लावला. हाहाकार. पंखा उलटा फिरला! पाणी डावीकडे फेकायचं सोडून आत ओढायला लागला. एक वेल गिळली, वाळू उडाली, टाकीचा चहा झाला. पटकन प्लग काढला. परत लावला तर सुलटा. परत लावला तर उलटा! या पंपांना दिशाच नसते म्हणे, चालू होताना मनाला येईल तिकडे फिरतात. छोट्या चक्राला फरक पडत नाही, पंख्याला पडतो.

मासे सगळे जिवंत. एकाच्या शेपटीची झालर गेली. त्याची क्षमा मागितली.

१४ मार्च

नवरा म्हणतो, टाकी विकून टाकू. मी म्हटलं, बघू.

१५ मार्च

जमलं!! आत एक खुंटी बसवली. उलटा निघाला की खाच खुंटीवर आपटते आणि स्वारी मुकाट्याने सुलट होते. खुंटी कवळीच्या मसाल्यातून ओतली. माणसाच्या तोंडात चालतं ते माशाच्या पाण्यात चालायलाच हवं. गुलाबी खुंटी आहे, अगदी हिरडीसारखी. वीस वेळा चालू-बंद केलं. वीसही वेळा पाणी डावीकडे.

दाणे टाकले. सुसाट डावीकडे! मागून दहाही मासे, शेपट्या आपटत. कोपरा रिकामा.

नाना त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "मेले?"

"मेले नाहीत हो, शोधा!"

शोधले नाहीत.

१७ मार्च

मान हलली! दुपारचे दाणे टाकले, नानांची नजर एका माशाबरोबर सरकली, टाकीच्या मध्यापर्यंत गेली, अडली आणि मग पुढे गेली. डाव्या काचेपर्यंत! मी इतकी ओरडले की शेजारीण धावत आली. तिला वाटलं, नाना गेले.

१९ मार्च

ताट पूर्ण रिकामं. डावीकडचं आधी खाल्लं.

२० मार्च

आजही. दोन्ही वेळा. स्वतःच्या हाताने. नवरा बघायला आला आणि त्याने खरंच बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून त्याला आजच्यापुरतं माफ.

उद्या वन्सं. या म्हणावं!

२१ मार्च

माती केली म्हाताऱ्याने!

वन्सं समोर बसल्या, मी ताट दिलं, दाणे टाकले, पंप सुरू केला. मासे डावीकडे धावले. नाना उजव्या कोपऱ्याकडे बघत बसले. वन्सं डाव्या बाजूने म्हणाल्या, "नाना, मी इकडे आहे." काही नाही. अर्धं ताट तसंच. वर, "वाढ."

मी शपथेवर सांगितलं, काल पूर्ण जेवले, परवाही जेवले. नवऱ्यानेही सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "तुम्हाला वाटतं तसं, मायेपोटी." त्यांनाही रडू येत होतं, ते मला दिसलं. कागदांवर सही झाली. सोमवारी न्यायचं. केंद्र दोन चौक सोडून आहे, रविवारी घरी आणता येईल वगैरे.

वन्सं गेल्यावर मी नानांना वाट्टेल ते बोलले. अठरा दिवस हात कापून घेतले ते कुणासाठी? मासे बघत होते. पंप मीच बंद केला.

२२ मार्च

सकाळी टेबलावर बसले होते. न बोलता. नानांनी मान वळवली, टाकीकडे नाही, माझ्याकडे. पूर्ण डावीकडे. सहा महिन्यांत पहिल्यांदा आमची नजरानजर झाली. म्हटलं, "काल काय झालं होतं तुम्हाला?" बराच वेळ ओठ जुळवत राहिले. मग एकेक शब्द करत म्हणाले, "फोन कर साहेबांना. अजून आठ दिवस आहेत."