संक्रांतीच्या वाणातली साडी

१९ जाने., शुक्र. देवपूर
सकाळी देवीला जाऊन आले. दुपारी हॉलवर हळदीकुंकू, खास शिक्षकांच्या बायकांचं. शिक्षक आमदाराची निवडणूक. मतदान शिक्षकांचं, कुंकू आम्हाला! बोलावणारी बाई संस्थावाल्यांच्या उमेदवाराची बायको, हे तिथे गेल्यावर कळलं. तिळगूळ दिला, मग ओटीत वाण. मोरपंखी साडी. हाताला पाण्यासारखी. वाणाला नाही कसं म्हणायचं? पदर पसरला गेला.
आमचे हे शिक्षक संघटनेचे सचिव. कोणाकडून काही घेऊ नका, असं गावोगाव सांगत फिरताहेत.
कपाटात तळाशी ठेवली.

२० जाने.
हे चोपड्याहून प्रचार करून आले. घसा बसलेला. हळद-दूध दिलं. म्हणाले, "ज्याच्या घरी साडी गेली त्याला संघटनेतून काढायचं. पुढच्या रविवारी ठराव मांडतोय मी."
मी म्हटलं, "दूध गार होतंय."
ह्यांना जुनी पेन्शन नाही. निवृत्तीला तीन वर्षं. संघटनेचा माणूस निवडून आला तर विधान परिषदेत त्यावर बोलेल तरी. म्हणून एवढी धावपळ.

२३ जाने., मंगळ.
माळ हातातच, दुपारी डोळा लागला. पांझरा नदीत पाणी नव्हतं, मोरपंखी कापड वाहत होतं. काठाने हे चालत होते. हाक मारते तर आवाजच नाही...
उठून गच्चीवर गेले. कॉलनीत चार गच्च्यांवर तीच मोरपंखी, वाऱ्यावर. जागी आहे का, तेच कळेना.
शेजारच्या आक्का हसल्या. त्यांचा मुलगाही मास्तर. "बठ्ठास्नी लिधी! साडी त्यास्नी, मत आपलं. तू एकलीच काय रडी ऱ्हायनी?"
"घेतली असेल सगळ्यांनी. पण आक्का, वाण आहे ते."

२७ जाने., शनि.
ह्यांना सांगितलं. पोळ्या लाटताना, पाठ करून.
ह्यांनी तांब्या खाली ठेवला. मग, "परत करता येते?"
"वाण परत करत नाहीत."
"मग देवीला नेसव."
"आणि देवीने कोणाला मत द्यायचं?"
हसले. लगेच गंभीर. एकच पोळी खाल्ली.
"ठराव?" "बघू."

२८ जाने., रवि.
"तूही चल," म्हणाले. संघटनेच्या सभेला कोणाच्या बायका जात नाहीत. मागे बसले. खिडकीतून आडवं ऊन, त्यात धूळ तरंगत होती. सगळं लांबून कुठून तरी ऐकू येत होतं. ह्यांनी ठरावाचा कागद उघडला, वाचलाच नाही. म्हणाले, "ज्यांच्या घरी साडी आली त्यांनी हात वर करा."
कोणी नाही.
मग स्वतःचाच केला.
पुढून कोणी तरी, "सर, हात खाली घ्या. मतदान आठवड्यावर आलंय." ह्यांनी घेतला नाही. मी नाम घेत होते, तेही पुढे सरकेना. कडेच्या रांगेत एक हात कानापर्यंत गेला. वाटलं... कान खाजवून खाली आला.
सभा तशीच उठली. घरी आल्यावर ह्यांनी उरलेली पत्रकं पिशवीत भरली.
"उद्या शिरपूरला प्रचाराला ना?"
"संघटनेने बोलावलं तर."