पपांच्या डॉजचे किलोमीटर

१ जानेवारी २०२५, बुधवार
नवीन डायरी. या वर्षी संकल्प एकच: पपांची डॉज रस्त्यावर आणायची. गुडघ्यांचे व्यायाम आणि साखर बंद हे त्यानंतर.

सकाळी नेरूळला दादाकडे गेले. चहाबरोबर बातमी मिळाली. त्याचा राजवर्धन इलेक्ट्रिक गाडी घेतोय, चार्जर बसवायचाय, आणि बिल्डिंगखाली पार्किंग एकच आहे. तिथे गेली अकरा वर्षं, म्हणजे पपा गेल्यापासून, डॉज उभी आहे. खोपोलीजवळच्या एका हॉटेलवाल्याने ती मागितली आहे. दारात ठेवणार, लोक फोटो काढणार. राजलक्ष्मी वहिनी म्हणाल्या, बरंच की वन्सं, कोणी पुसेल तरी तिला.

मी म्हटलं, ती गाडी पपांनी मला दिली आहे. दादा म्हणाला, कधी दिली? म्हटलं, पाचगणीला. दर रविवारी मला होस्टेलवर भेटायला यायचे तेव्हा म्हणायचे, बेबी, ही तुझीच.

दादा बिस्किट चहात धरून बसला. ते तुटून आत पडलं तरी त्याला कळलं नाही. मग म्हणाला, बरं. दोन फेब्रुवारीच्या रविवारी पाम बीच रोडवर साठने चालवून दाखव. मध्ये बंद पडता कामा नये. जमलं तर तुझी, नाही तर हॉटेलवाल्याची.

पूर्ण महिना आहे हाताशी. भरपूर झाला.

३ जानेवारी, शुक्रवार
सारसोळ्याच्या हरेशभाऊंना बोलावलं. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात, जुन्या गाड्याही करतात. चाळीस मिनिटांनी डॉज सुरू झाली. वॉचमन वाळूची बादली घेऊन आला. त्याची गरज नव्हती.

मागच्या रस्त्यावर मी स्वतः चालवली. काटा पस्तीसवर गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. हरेशभाऊ म्हणाले, मॅडम, ही गाडी नाय, म्हातारी हाय. हिला पळवू नका. पानी पाजा नि गप्पा मारत न्या.

घरी येऊन लक्षात आलं. मीटर अमेरिकन आहे, मैलांचा. पस्तीस मैल म्हणजे छप्पन किलोमीटर. साठाला फक्त चार कमी. म्हणजे इंजिन उत्तम आहे, दोष सगळा मीटरचा. सत्तर वर्षं बिचारी कमी वेग दाखवत आली, म्हणून घरात कोणाला तिची किंमत नाही.

मीटर किलोमीटरचा करून घ्यायचा. बाकी दुरुस्ती नंतर.

६ जानेवारी, सोमवार
हरेशभाऊंनी समजावून सांगितलं. चाकांचं फिरणं एका केबलने मीटरपर्यंत येतं. त्या केबलच्या मध्ये छोटी दातेरी डबी बसवायची. ती मीटरला दीडपटीहून थोडं जास्त फिरवते. काटा आणि खालचे आकडे दोन्ही आपोआप किलोमीटर दाखवतात. डबी कुर्ल्याच्या भंगारात शोधावी लागेल. तोवर मीटर घरी न्या नि साफ करा, म्हणाले, तुमचा हात हलका हाय.

मीटर डायनिंग टेबलावर ठेवलाय. कानात घालायच्या काड्यांनी पुसला. एकूण ७१,२०६ मैल. गुणाकार केला: १,१४,५९५ किलोमीटर. पपा सव्वा लाखाच्या आसपास फिरले होते, हे आजवर कोणाला माहीतच नव्हतं. किलोमीटरमध्ये माणूस किती मोठा दिसतो.

७ जानेवारी, मंगळवार
हरेशभाऊंचा फोन. मीटरला पाचच आकडे आहेत. नवा आकडा लावायचा तर १४,५९५ एवढंच दिसणार.

हरकत नाही. समोरचा एक मनात धरायचा.

९ जानेवारी, गुरुवार
डॅशबोर्डच्या कप्प्यात पपांची लॉगबुकं मिळाली, रबरबँड लावलेली. तारीख, निघतानाचा आकडा, पोचल्याचा आकडा, ठिकाण. अक्षर तेच, उजवीकडे झुकलेलं. बराच वेळ नुसतंच बघत बसले.

कल्पना सुचली. या सव्वा लाखातले माझे किती ते काढायचं. साताऱ्याच्या आमच्या घरापासून पाचगणी तीस मैल, जाऊन-येऊन साठ. सुट्ट्या वगळून वर्षाचे छत्तीस रविवार, सात वर्षं. १५,१२० मैल. म्हणजे २४,३३३ किलोमीटर. पृथ्वीची अर्ध्याहून जास्त प्रदक्षिणा, केवळ माझ्यासाठी. हे दादाला मीटर बसल्यावर, गाडी चालवता चालवता सांगेन.

रविवारी अकरा ते चार भेटीची वेळ असायची. पांढरा फ्रॉक, निळी रिबन, पार्लरच्या, म्हणजे भेटीच्या खोलीच्या, खिडकीजवळची खुर्ची. तिथून गेट दिसायचं. ते गेट मी आजही डोळे मिटून काढू शकते. डाव्या खांबाला तडा होता, त्यात नेचं उगवलं होतं. एका ऑक्टोबरपासून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत ते किती वाढतं हेसुद्धा मला ठाऊक होतं.

१२ जानेवारी, रविवार
लॉगबुकं वाचली. १९६९ चं शाळेचं वर्ष: पाचगणी दोनदा. जूनमध्ये सोडायला, एप्रिलमध्ये आणायला. १९७० तसंच. सात वर्षांत एकूण चौदा. कराड, लोणंद, पुणे, मुंबई, कांद्याचे सगळे बाजार अगदी रांगेने.

उघड आहे. ही धंद्याची वही आहे. रविवार धंद्यात धरत नाहीत. सोडायला आणि आणायला आले तेव्हा बहुधा वाटेत वाईच्या व्यापाऱ्याकडे काम असणार, म्हणून तेवढे लिहिले गेले.

१४ जानेवारी, मंगळवार
वहिनींनी तिळगूळ पाठवला. खाल्ला नाही. साखर बंद. एक खाल्ला.

आज आकडे नीट बघितले. शनिवार संध्याकाळ: ४३,१८८. सोमवार सकाळ: ४३,१८८. पुढचा शनिवार: ४३,५०२. पुढचा सोमवार: ४३,५०२. सातही वर्षं असंच.

यातून एकच गोष्ट सिद्ध होते. मीटर रविवारी अडकायचा.

दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बेबी, जाऊ दे ना आता. मी म्हटलं, मीटरबद्दल विचारतेय फक्त. तर म्हणाला, रविवारी पपा झोपायचे गं. जेवून जे आडवे व्हायचे ते दिवेलागणीला उठायचे. गाडी मी धुवायचो, तेवढाच हात लावायला मिळायचा.

सत्तरीनंतर दादाची स्मरणशक्ती गेली आहे. बदाम भिजवून खात जा म्हटलं.

१५ जानेवारी, बुधवार
हरेशभाऊंनी मीटरला ड्रिल लावून फिरवून बघितला. म्हणाले, मॅडम, येवढा जुना नि येवढा करेक्ट मीटर मी आजपरेंत नाय बघितला. अडकत-बिडकत काय नाय.

१९६९ साली हरेशभाऊंचा जन्मही झाला नव्हता.

१७ जानेवारी, शुक्रवार
डबी अजून मिळाली नाही. हातावर हात ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही. मीटर घेऊन जुईनगर स्टेशनसमोर सितारामकडे गेले. तो नंबरप्लेटा आणि स्टिकर करतो. त्याला वीसच्या जागी बत्तीस, चाळीसच्या जागी चौसष्ट, साठच्या जागी सत्त्याण्णव, अशी नवी तबकडी करायला सांगितली. त्याने आकड्यांचं वळण हुबेहूब जुन्यासारखं काढलं आणि पक्क्या गोंदाने चिकटवलं. विचारलं, आंटी, मॉडेल आहे का शोकेसचं? म्हटलं, नाही, धावते ती.

पपांना आवडली असती. होस्टेलच्या सिस्टर बर्नडेटही म्हणाल्या असत्या, नीट काम.

२३ जानेवारी, गुरुवार
डबी मिळाली. हरेशभाऊंनी बसवली, केबल जोडली, मीटर हातात घेतला आणि थांबले. तबकडी कोनी बदलली? मी म्हटलं, मी. ते म्हणाले, अवो मॅडम, डबी पन नि तबकडी पन? डबल होनार ना. डबी काढू? म्हटलं, डबी काढली तर खालचे आकडे मैलातच मोजतील. मग तबकडी सोलू का? म्हटलं, अजिबात नाही. आकडे किती सुंदर आलेत.

ते डोकं खाजवत म्हणाले, मग चालवताना मनात कमी करा.

मेकॅनिक लोकांना प्रत्येक गोष्टीचं टेन्शन. एक उपाय चांगला असेल तर दोन त्याहून चांगले असणार.

२५ जानेवारी, शनिवार
ट्रायल. पाम बीचवर सकाळी सहाला. काटा सहज साठ. वाफ नाही, थरथर नाही. आधी पस्तीसला धापा टाकणारी हीच गाडी. मीटरने केवढा फरक पडतो.

एक निरीक्षण: हल्ली सायकलवाले फार वेगाने चालवतात. तंग कपड्यांतले तीन जण आम्हाला मागे टाकून गेले. सत्तरच्या खाली नसावेत. शेवटचा बाजूने जाताना म्हणाला, आंटी, मस्त गाडी आहे, कुठलं मॉडेल? मी सांगितलं. त्याने फोटोही काढला. मग पुढे गेला.

३० जानेवारी, गुरुवार
गाडी ठेवायला माझ्या सोसायटीत जागा मिळवली. सेक्रेटरी म्हणाले, चालती असेल तर ठेवा, भंगार नको. म्हटलं, साठने चालते.

लॉगबुकं कपाटात वरच्या खणात ठेवली आहेत. पुन्हा काढायची नाहीत.

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी सव्वापाच
उठले. चंदेरी काठाची निळी साडी. रिबन असती तर बांधली असती. आज २४,३३३ किलोमीटरचंही सांगणार आहे.

२ फेब्रुवारी, दुपारी
लिहून टाकते.

सारसोळे सिग्नलपासून निघालो. दादा शेजारी, वहिनी मागे उशी घेऊन, राजवर्धन मागून मित्राच्या गाडीत. काटा चाळीस, पन्नास, साठ. मी म्हटलं, दादा, बघ. दादाने काट्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. बाहेर एक माणूस सायकल चालवत होता. तो मागे पडायला जरा वेळच लागला. दादा म्हणाला, झाले साठ. बघितले मी. गाडी तुझी. आता अशीच हळू घे, बेबी.

आवाज इतका मऊ होता की मला राग आला.

तेवढ्यात राजवर्धनचा फोन. वहिनींनी स्पीकरवर घेतला. आत्या, सदतीसने चाललीयेस, जरा पुढे घे, मागे बसवाला शिव्या घालतोय. वहिनी हसल्या. मी म्हटलं, साठ आहेत, काटा दिसत नाही का? दादा म्हणाला, अगं असतील साठ, तू जाऊ दे. म्हटलं, असतील नाही, आहेत. आणि पपा दर रविवारी याच गाडीने घाट चढून यायचे. दादा म्हणाला, हो. म्हटलं, हो म्हणू नकोस तसं. खरं सांग, यायचे की नाही? तो म्हणाला, यायचे गं, यायचे. समोर बघ.

मी पाय दाबला. सत्तर. ऐंशी. पपांनी कधी ऐंशी गाठले नव्हते. नव्वदला बॉनेटखालून आवाज आला, मग सगळीकडे पांढरी वाफ. काटा खाली येत येत शून्यावर टेकला.

मागच्या बसमधले लोक उतरून ढकलायला आले. एकाने विचारलं, शूटिंग आहे का?

दादा फूटपाथवर बसला होता. मला म्हणाला, मी तुला दिली होती गं गाडी. साठला दिली होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार
हरेशभाऊ म्हणाले, इंजिन जाम. मी सांगितला होता, गप्पा मारत न्या.

हॉटेलवाल्याला इंजिनाशी काही देणंघेणं नाही म्हणे. फक्त काचा शाबूत पाहिजेत.

६ फेब्रुवारी, गुरुवार
डॉज टोइंगच्या गाडीवर चढवून नेली. मीटरवर १४,६४३. समोरचा एक मनात धरला.

हॉटेलवाला हिरामण पाटील भला माणूस आहे. म्हणाला, मॅडम, तुमचीच गाडी समजा, कधीही या. मी सांगितलं, दर रविवारी येईन, अकरा ते चार. तो म्हणाला, खिडकीजवळचं टेबल ठेवतो, तिथून गाडी समोरच दिसते.

इथून हॉटेल अठ्ठेचाळीस किलोमीटर. म्हणजे तीस मैल. लांब मुळीच नाही. मनात असलं तर माणूस येतोच.

९ फेब्रुवारी, रविवार
गेले नाही. साडी इस्त्रीला दिलेली परत आली नव्हती. पाटलांचा फोन आला होता, टेबल धरून ठेवलंय म्हणून. पुढच्या रविवारी नक्की.

१६ फेब्रुवारी, रविवार
निघणारच होते. पनवेलला ट्रॅफिक असल्याचं टीव्हीवर सांगितलं. अठ्ठेचाळीस किलोमीटर म्हणजे काही थोडं अंतर नव्हे. पाटलांना कळवायचं राहिलं. संध्याकाळी त्याचाच फोन आला, चारपर्यंत तिथे कोणाला बसू दिलं नाही म्हणाला.

२३ फेब्रुवारी, रविवार
साडी नेसून तयार होते. निघण्याआधी दोन घास खाल्ले, जरा पाठ टेकली. उठले तेव्हा दिवे लागले होते.