पान एकेचाळीस न जोडण्याबाबत

दिनांक : १४ मार्च

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक संरक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : कॉम्प्युटर गेमसोबत आलेल्या नक्कल-प्रतिबंधक प्रोग्रामने माझ्या पत्नीचे बोलणे बंद पाडल्याबाबत, तसेच तिचे खासगी लिखाण पुरावा म्हणून न मागण्याबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज, 'पावती मेहुणीच्या नावे' या शेऱ्यासह परत.
२) माझा दुसरा अर्ज, 'पुरावा अपूर्ण' या शेऱ्यासह परत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून हा तिसरा अर्ज सादर करीत आहे. पहिले दोन कोणी वाचले असतील असे मी गृहीत धरत नाही, म्हणून सगळे पुन्हा पहिल्यापासून लिहितो.

१. मी कुलूप-किल्लीचा कारागीर आहे. माझी पत्नी बावीस वर्षे पोहणे शिकवत होती. चार वर्षांपूर्वी स्नायूंचा आजार जडला आणि तिचे हातपाय, पाठोपाठ वाचा गेली. डोळे तेवढे चालतात. कॉम्प्युटरवरचा कॅमेरा तिची नजर कोणत्या अक्षरावर थांबते ते पाहतो आणि जुळलेले वाक्य कॉम्प्युटर मोठ्याने म्हणतो. घरात आम्ही त्याला 'पोपट' म्हणतो. पोपटाच्या तोंडून तिने मला तीन वर्षांत जेवढे झापले, तेवढे आधीच्या वीस वर्षांत स्वतःच्या तोंडाने झापले नव्हते. ही तक्रार नव्हे, माहितीस्तव सादर.

२. पन्नासाव्या वाढदिवसाला तिच्या धाकट्या बहिणीने तिला समुद्रात बुड्या मारण्याचा एक गेम भेट दिला. तो नजरेने खेळता येतो. पहिल्याच दिवशी ती दोन तास पाण्याखाली होती आणि वर यायचे नाव घेईना. सुरुवातीला चौतीस पाने अटी आणि खाली 'मान्य आहे' असे बटण होते. तिने त्यावर नजर रोखली. गेमची कोणी चोरून नक्कल करू नये, खेळताना लबाडी करू नये म्हणून एक पहारेकरी प्रोग्राम सोबत घरात शिरतो, हे त्या चौतीस पानांत कुठेतरी होते म्हणे.

३. एकोणीस दिवस सुरळीत गेले. विसाव्या दिवशी सकाळी पोपट गप्प झाला. पडद्यावर मजकूर होता : 'संशयास्पद साधन आढळल्याने बंद केले आहे. खेळाडू स्वतःच्या हाताने खेळत असल्याची खात्री होत नाही.' आम्ही गेम काढून टाकला. पहारेकरी निघाला नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंनी पाहून सांगितले, "काका, हा पार मुळात जाऊन बसलाय. सगळं पुसलं तर निघेल, पण मग पोपट काकूंचे डोळे ओळखायला जे शिकलाय तेही पुसलं जाईल. ते परत शिकवायला त्यांचे डोळे आता तेवढे टिकणार नाहीत." म्हणजे तो काढायचा तर कंपनीनेच काढायला हवा. मी चाळीस वर्षे लोकांच्या घरांना कुलपे बसवतो. कुलूप बसवून झाले की मी माझ्या घरी जातो. आतच मुक्काम ठोकत नाही, आणि घरची माणसे काय बोलतात ते लिहूनही ठेवत नाही.

४. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. बंदी उठवण्यासाठी वापरकर्त्याने 'मी स्वतः खेळत आहे' हे वाक्य स्वतःच्या आवाजात म्हणायला हवे, असे उत्तर मिळाले. तिला बोलता येत नाही, म्हणूनच तर फोन केला आहे, असे मी सांगितले. त्यावर फोनवरच्या गृहस्थांनी मला थांबायला सांगितले आणि नंतर तेच वाक्य पुन्हा सांगितले. अटींना संमती डोळ्यांनी दिलेली यांना चालते, खेळताना मात्र डोळे चालत नाहीत.

५. मग लेखी तक्रार केली. कंपनीने आठवड्यात ई-मेल पाठवला. त्यात दिलगिरी नव्हती, 'संशयास्पद साधनाच्या वापराचा पुरावा' म्हणून त्रेसष्ट पाने होती. एकोणीस दिवसांत तिने नजरेने जे जे लिहिले ते सगळे, वेळेसकट. लिहून पुसलेलेसुद्धा, पुढे 'पुसले' असा शेरा मारून. पहिल्या दोन पानांवर पाणी, पंखा आणि पाठ खाजवण्याबाबत सूचना आहेत. ती पाने सोबत जोडली आहेत.

६. दुसऱ्या अर्जाच्या वेळी आपल्या कार्यालयातील लिपिक म्हणाले, "खासगीपणाचा भंग झाला म्हणताय, तर काय खासगी होतं ते दिसायला नको का? त्रेसष्टच्या त्रेसष्ट पानं आणा. तीन प्रती." त्यांनी मला पाणी दिले, माणूस वाईट नाही. परंतु तीन प्रती म्हणजे एक आपल्याकडे, एक फाइलीत आणि एक कंपनीला. ज्यांनी ती चोरून घेतली त्यांनाच मी ती पोहोच घेऊन परत द्यायची.

७. पान एकेचाळीसवर तिने बहिणीला लिहिलेले एक पत्र आहे. ते माझ्याबद्दल आहे. ते तिने पाठवले नव्हते, लिहून झाल्यावर पुसले होते. त्यात काय आहे ते मी इथे लिहिणार नाही, आणि यापुढे कुठेही लिहिणार नाही. मी ते वाचायला नको होते. पहिल्या ओळीनंतर थांबता आले असते. मी थांबलो नाही.

८. त्या दिवसापासून मी तिच्याशी फार गोड वागतो आहे. तिला ते कळते. पोपट नाही म्हणून मी पुठ्ठ्यावर अक्षरे लिहून एकेकावर बोट ठेवतो आणि तिने पापणी हलवली की ते घेतो. 'काय लपवताय' एवढे विचारायला तिला दहा मिनिटे लागली. मी 'काही नाही' म्हणालो. मला अर्धा क्षणही लागला नाही. जिला उलट विचारता येत नाही तिच्याशी खोटे बोलणे फार सोपे असते, हे मी या वयात शिकलो.

सबब विनंती की, (अ) कंपनीने आपला माणूस पाठवून पहारेकरी काढावा आणि पोपट होता तसा सुरू करून द्यावा. (ब) कंपनीने स्वतःजवळची त्रेसष्ट पाने नष्ट करून तसे लेखी द्यावे. (क) उरलेली एकसष्ट पाने न मागता हा अर्ज दाखल करून घ्यावा. ती पाने मी जाळली आहेत आणि ई-मेलही पुसला आहे. पुरावा नष्ट केल्याचा ठपका माझ्यावर ठेवायचा असल्यास खुशाल ठेवावा.

तिच्या नावाने काही देण्याआधी ते तिला दाखवले पाहिजे, एवढे आता मला कळले आहे. म्हणून हा अर्ज आज दुपारी तिला शेवटपर्यंत वाचून दाखवला. कलम सातसुद्धा. वाचून झाल्यावर मी पुठ्ठा समोर धरला. तिने अक्षरे घेतली : 'सगळं वाचलंत?' मी हो म्हणालो. तिने डोळे मिटले. झोपली नाही, श्वासावरून मला कळते. पुठ्ठा धरून मी तासभर बसलो होतो. तिने डोळे उघडले नाहीत.

तरी कार्यवाही लवकर व्हावी. तिला मला काय सुनवायचे असेल ते पोपटाच्या तोंडून, मोठ्याने आणि पूर्ण सुनवू द्यावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, कुलूप-किल्ली कारागीर

सोबत : १) गेमच्या पावतीची प्रत व मेहुणीचे संमतिपत्र. २) डॉक्टरांचा दाखला. ३) पान एक व दोन, पत्नीच्या परवानगीने.