बिनविरोध

प्रिय उषा,

आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी अजून एकही अर्ज आलेला नाही. निवडणूक अधिकारी जितेंद्र दाणी यांनीच आज सकाळी सांगितलं, आणि वर म्हणाले, "रवींद्रजी, तुमचा आला की दुकान बंद." सगळे हसले. नऊ वर्षं मी बिनविरोध निवडून येतोय, तेव्हा दर वेळी हसायचं ठरलेलंच आहे. या वेळी मला हसू आलं नाही.

याला कारण आमची सोनल. ती राज्यशास्त्र शिकवते. सध्या मराठीत एक लेख लिहितेय. परवा विचारलंन, बाबा, हेजेमनीला मराठीत काय म्हणू? तीस वर्षं एम. पी. नगरातल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून इंग्रजी बातम्यांचं भाषांतर केलेला मी. 'वर्चस्व' म्हणून मोकळा झालो. ती म्हणाली, वर्चस्व दंडुक्यानंही मिळतं. हेजेमनीत दंडुका लागत नाही. वरच्याचं मत खालच्यांना आपलंच वाटायला लागतं आणि ते आपणहून मान डोलावतात. हा शब्द राष्ट्रांसाठी, वर्गांसाठी वापरतात, घरगुती कुरबुरीला तो फार मोठा पडतो. मी म्हटलं, तरी एखादं लहानसं उदाहरण दे. "तुमचं मंडळ," म्हणाली आणि पोहे खायला लागली.

आधी चिडलो. मग तीन वर्षांपूर्वीचा तुझा अर्ज आठवला. मराठी घरं आता कोलार रोडला गेलीत, मुलांचा मराठीचा वर्ग तिकडेच हवा, शाहपुऱ्याला रोज कोण आणून सोडणार, एवढंच तुझं म्हणणं होतं. मी तुझ्याकडे आलो, चहा घेतला, आवाजही चढवला नाही. "अगं, आपल्यात मतदान कसलं? शोभतं का?" इतकंच बोललो. तू अर्ज मागे घेतलास आणि उलट मलाच म्हणालीस, "बरं झालं वेळेत सांगितलंस, रवी." वर्ग शाहपुऱ्यातच भरला. दुसऱ्या वर्षी चार मुलं उरली, यंदा तीही नाहीत. तू सभेला येतेस, मागे बसतेस, सगळ्यांबरोबर हात वर करतेस. आणि मी इतिवृत्तात लिहितो, 'एकमताने मंजूर'.

हे फोनवर सांगितलं असतं तर "जाऊ दे रे" म्हणून तू विषय संपवला असतास, म्हणून कागदावर लिहितोय. अर्ज भर. मी बाजूला होऊन तुला खुर्ची देणार नाही. तसं केलं तर पुन्हा माझंच चाललं, असं होईल. मी उभा राहणार, आणि जिंकायला उभा राहणार. माझा अर्ज उद्या जाईल. मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत आहे. तुझा आला, तर पुढच्या रविवारी मतदान होईल. दाणींना मतपत्रिका कुठे छापून मिळतात हेही ठाऊक नाही, पण ते शोधतील. कोलार रोडची घरं तुझी, शाहपुऱ्यातली माझी. मधल्या पंधरा-वीस घरांचं मला काही सांगता येत नाही.

तुझाच,
रवींद्र