दोनशे बारावं कार्ड

रविवार, १९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? अकरा वर्षांनी पत्र लिहून पहिल्याच ओळीत गुडघे विचारतोय, म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू ओळखलंच असशील. मी ठीक आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नोकरी संपली, विभागातली माझी खोली नव्या बाईंना मिळाली.

पुस्तक अखेर छापायला गेलं. तेच, ज्याला तू 'जाण्यायेण्याचं पुराण' म्हणायचीस. कुणाकडे जाणं कुठली भाषा कोणत्या विभक्तीने दाखवते, एवढाच विषय. संस्कृतात वनाला जायला द्वितीया पुरते. तुर्कीत देण्याला आणि जाण्याला एकच प्रत्यय चालतो, आपल्या 'ला'सारखा. फिनिशमध्ये घराच्या आत जायला एक आणि घरापाशी जायला दुसरा. लॅटिनमध्ये बहुतेक ठिकाणी 'कडे' सांगणारा शब्द आधी लावावा लागतो, पण घरी जायचं असेल तर लागत नाही. आई म्हणायची, "याच्या पुढ्यात जेवण ठेवलं तरी हा आधी प्रत्यय शोधेल."

मराठीची उदाहरणं मी बहुतेक तुझ्या पत्रांतून घेतली, हे तुला कधी सांगितलं नाही. छापील वाक्यं ताठ असतात. तू बोलतेस तसं लिहितेस. पत्र आलं की तांबडी पेन्सिल घेऊन मी आधी उपयोगाची वाक्यं शोधायचो, ती कात्रीने कापून कार्डावर चिकटवायचो आणि उरलेलं पत्र मग सावकाश वाचायचो.

गेल्या मंगळवारी मुद्रितं तपासायला कार्डं बाहेर काढली. दोनशे बाराव्या कार्डावर तुझं वाक्य होतं, 'आई हल्ली दाराकडे तोंड करून निजते.' डिंक वाळून पट्टी सुटली आणि तिची पाठची बाजू दिसली. तिथे तू लिहिलं होतंस, 'डॉक्टर फार तर आठवडा म्हणतात. पत्र मिळताच निघ.'

आई गेल्यावर मी आलो, तेव्हा सगळ्यांसमोर तुला विचारलं होतं, "मला वेळेवर कळवलं का नाहीस?"

तू म्हणालीस, "लिहिलं होतं रे."

"खोटं बोलू नकोस," मी म्हणालो. तू चहा ठेवायला आत गेलीस. मामा त्या दिवसापासून मरेपर्यंत तुला बोल लावत राहिले.

ताई, वरचं डिंकाचं खरं नाही. डिंक चांगला होता. आईला पोचवून परतलो त्याच आठवड्यात मी ती पट्टी किटलीच्या वाफेवर धरून सोडवली, वाचली आणि पुन्हा चिकटवली.

त्याच्याही आधीचं सांगतो. पत्र आलं त्या दिवशीच मागच्या पानाला पडलेलं भोक मला दिसलं होतं. कडेला 'आईला' आणि 'लवकर' एवढं वाचता येत होतं. नेहमीचंच 'ये, ये' असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. डिंक ओला होता, नुसतं बोट लावलं असतं तरी पट्टी निघाली असती.

कळलं तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. लाज वाटली. मग महिना गेला, वर्ष गेलं, मामाही गेले. आता तुझ्यावरचा आळ कुणासमोर उतरवू?

ते वाक्य पुस्तकातून काढलंय. पत्र आणि पट्टी सोबत पाठवतोय, भोकात बरोबर बसते. मावशी अजून आहे, तिला तरी दाखव. मी येऊ का, हे विचारायला मला तोंड नाही. तू बोलावलंस, तर या वेळी पत्र आधी दोन्ही बाजूंनी वाचीन.

तू खोटं बोलली नव्हतीस, हे अकरा वर्षं माहीत असलेला,
तुझा धाकटा भाऊ