चेन वळणावर अडकते

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (जमेल तितकंच वाकून. मान अजून पुरती खाली जात नाही. कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो म्हणाली होतीस, तेव्हा वरच्या केबिनमध्ये बसण्याचा हट्ट सोड आणि खालीच यंत्रांजवळ एक खुर्ची टाकून घे. तसंही तू वर बसतेस कुठे? भावोजींचा खोकला उतरला का? आणि तुझ्या त्या यंत्रांची तब्येत कशी आहे? हेही विचारून घेतो, कारण हल्ली फोनवर भावोजींच्या खोकल्याचं एका वाक्यात आटपतेस आणि कोपऱ्यातल्या यंत्राच्या खडखडीवर अर्धा तास बोलतेस. भावोजी बिचारे शेजारीच बसलेले असतात, हेही मला फोनवर ऐकू येतं. आम्ही सगळे ठीक आहोत. लेक अभ्यास करते, असं तिचं म्हणणं आहे. तुझी भावजय मजेत आहे आणि माझ्यावर हसून हसून तिची पाठ दुखते आहे.

ताई, तुझा कारखाना परत कसा आला, ही गोष्ट मी इकडे सगळ्यांना सांगत असतो. लिफ्टमध्ये सांगतो, बसच्या रांगेत सांगतो, दाढी करताना न्हाव्याला सांगतो. (तू म्हणशील, मलाच माझी गोष्ट काय ऐकवतोस. पण दर वेळी सांगताना तुझा पराक्रम थोडा वाढतो, म्हणून सध्या तो कुठवर आलाय हे तुला ठाऊक असलेलं बरं.) मी सांगतो की, माझी बहीण चेनच्या कारखान्यात मुकादम होती. पँटला, पिशवीला, जाकिटाला लावतात ती चेन. मालकाला कुणीतरी सांगितलं की, समुद्रापलीकडे मजुरी निम्मी पडते. त्याने यंत्रं पेट्यांत भरली आणि पाठवून दिली. बायका फाटकापाशी उभ्या राहिल्या आणि आपल्याच यंत्रांच्या पेट्या ट्रकवर चढताना बघत होत्या. ताई घरी आली, डबा न धुता ठेवून दिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मग वर्षं गेली. तिकडचीही मजुरी वाढली, तिकडच्या मालकाने ती यंत्रं भंगारात काढली, आणि हे कळताच माझ्या बहिणीने आणि भावोजींनी घर बांधायला ठेवलेली जागा विकली आणि तीच यंत्रं परत आणली. इथवर सगळं खरं आहे. सध्या मात्र मी असं सांगतो की, बंदरावर क्रेन बंद पडली तेव्हा पहिलं यंत्र तू स्वतः खांद्यावर घेऊन उतरलीस. न्हाव्याने यावर वस्तरा थांबवला होता, त्यामुळे ते आता मागे घेता येणार नाही.

यंत्रं आली त्या दिवशी मी रजा घेऊन आलो होतो ते बरं केलं. पेट्या उघडल्या तर प्रत्येक बटणावर तिकडच्या लिपीतली चिकटपट्टी. चालू कुठलं आणि बंद कुठलं, कुणाला कळेना. तुझ्या त्या जुन्या मैत्रिणी, ज्या तेव्हा दोन वेण्या घालून कामावर यायच्या, आता चष्मे लावून भोवती उभ्या होत्या. भोंगाबाईंनी (खरं नाव मला कधीच कळलं नाही, यंत्रं चालू असतानाही त्यांची हाक फाटकापर्यंत जायची, एवढं पुरे) यंत्राच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "वाळलंय गं हे. धड तेलपाणी केलेलं दिसत नाही कुणी." सासरहून आलेल्या मुलीबद्दल बोलावं तशा. मी पेट्यांच्या मागे जाऊन नाक पुसलं. धूळ फार होती.

तेव्हापासून मी ठरवलं की, होईल तिथवर आपल्याकडेच बनलेली वस्तू घ्यायची. ठरवणं सोपं होतं. पण कुठली वस्तू कुठे बनली हे तिच्या बुडाशी लिहिलेलं असतं, आणि मला प्रत्येक वस्तू उलटी करून बघायची खोड लागली. दुकानात ठीक आहे. हिच्या मावशीकडे गेलो होतो, तिथे गप्पांच्या नादात मी कप उलटा करून बघितला. कपात चहा होता. मावशींचा गालिचा नवा होता. पुसायला म्हणून खाली बसलो तर गालिच्याचा कोपराही हातासरशी उलटा करून झाला, आणि तो बाहेरून आलेला निघाला. मग मला तितकंसं वाईट वाटलं नाही, हे मी मोठ्याने म्हणायला नको होतं, असं ही घरी येईपर्यंत सांगत होती. (मावशींनी त्यानंतर आम्हाला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा मला स्टीलच्या पेल्यात पाणी.)

असो. आमच्या बॅगांच्या कंपनीसाठी तू पाठवलेला नमुन्याचा खोका पोचला. मी लगेच साहेबांकडे गेलो आणि सांगून टाकलं की, हा माल सख्ख्या बहिणीचा आहे, तर तपासणीचं काम दुसऱ्या कुणाला द्या. साहेब म्हणाले, "आपल्या खरेदी विभागात तुम्ही आणि मी, दोघंच. मला जवळचं दिसत नाही. तुम्हीच बघा." म्हणून मी मनावर घेतलं. नुसतं टेबलावर मागे-पुढे ओढून काय कळणार? मी नाक्यावरच्या शिंप्याकडून एक चेन लेकीच्या दप्तराला लावली, एक हिच्या पर्सला, दोन उशांना, आणि एक माझ्या थंडीच्या जाकिटाला. ताई, उशीच्या अभ्र्याची चेन इतकी मऊ सरकते की, ही रात्री उगाच उघडझाप करत बसते. दप्तराचीही तशीच. शाळेतल्या मुली ती लावून बघायला लेकीकडे येतात म्हणे. मी तर कॉलर ताठ करून हिंडत होतो.

कॉलर ताठ करून हे मात्र अक्षरशः झालं. मंगळवारी सकाळी गारठा होता. मी ऑफिसला निघताना चेन थेट हनुवटीपर्यंत ओढली आणि ती तिथे बसली. बसली म्हणजे बसलीच. खाली येईना, वर जाईना. कॉलर उंच, त्यामुळे माझी हनुवटी वर आणि नजर छताकडे. त्या अवस्थेत मी ऑफिसात शिरलो. कुणाकडेही न बघता, मान वर करून मी चाललेला पाहून हिशेब विभागातल्या दोघांनी उठून नमस्कार केला. दुपारपर्यंत बातमी पसरली की, मला बढती मिळाली आहे. दारावरचा रखवालदार, जो एरवी माझं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी तपासतो, त्याने मला सलाम ठोकला. मला तो दिसला नाही, फक्त बुटांचा आवाज आला.

अकराला साहेबांच्या खोलीत बैठक. ती खोली तू पाहिली नाहीस. खिडकी उघडत नाही आणि माणसं दाटीवाटीने बसतात. सगळ्यांनी कोट काढून खुर्चीला लावले. मी काढणार कसा? विचारलं तर काय सांगणार, बहिणीची चेन अडकली म्हणून? बैठक तुझ्याच चेनवर होती. मी म्हणालो, अंगात कणकण आहे. साहेब मुळात मायाळू माणूस. त्यांनी उठून पंखा बंद केला आणि माझ्यासाठी गरम चहा मागवला. मान वर असल्यामुळे चहा पिताना मला कप दिसत नव्हता, आणि कप कुठे बनला हे बघायचीही इच्छा उरली नव्हती. घामाच्या धारा लागल्या. त्या बघून साहेब घाबरले आणि त्यांनी मला शिपायासोबत दवाखान्यात धाडलं. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, जाकीट काढा. मी म्हणालो, निघत नाही. त्यांनी मला कुठे दुखतंय विचारलं, मी म्हणालो, कुठेच नाही, फक्त जाकीट निघत नाही. त्यांनी शिपायाला बाजूला घेऊन विचारलं की, घरी काही ताण आहे का.

संध्याकाळी घरी आलो तर ही बाजारात गेलेली. मी समोरच्या दाताच्या डॉक्टरांचं दार वाजवलं. त्यांच्याकडे बारीक चिमटे असतात आणि कपाळाला दिवाही. त्यांनी मला त्यांच्या त्या खुर्चीत आडवं केलं, दिवा लावला आणि सवयीने म्हणाले, "आ करा." मी आ केला. मग दोघांच्याही लक्षात आलं. त्यांनी पुष्कळ खटपट केली. शेवटी हात टेकले आणि म्हणाले की, अशी पक्की बसलेली दातांची रांग त्यांनी सबंध धंद्यात पाहिली नाही. कुणी बनवली विचारत होते. मी अभिमानाने तुझं नाव सांगितलं. म्हणजे बघ, माल किती मजबूत आहे.

अखेर हिने घरी येऊन मला स्टुलावर बसवलं आणि शिवणाच्या बारीक कात्रीने शिवण उसवून बाहेर काढलं. मान थोडी आखडली, बाकी काही नाही. तेव्हा चिंता नसावी. खोक्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, रंग सर्वांना आवडला, आणि तुझ्या कारखान्याचं नाव इकडे चांगलंच झालं आहे. भावोजींना नमस्कार, भोंगाबाईंना आणि मंडळींना आठवण सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, मी लांबवत होतो. ताई, तुझा खोका मी नापास केला. कंपनीचं पत्र तुला सोमवारी मिळेल. त्यावर सही माझी आहे. ते आधी वाचलंस तर तू माझं तोंडही बघणार नाहीस, म्हणून हे. त्या रात्री उसवलेली चेन हिने दिव्याखाली धरली आणि पुन्हा पुन्हा चालवून बघितली. सरळ धरली की पाण्यासारखी जाते, वाकवून धरली की अडकते. दात उत्तम आहेत, पट्टी उत्तम आहे, पण ओढायच्या रनरचं तोंड डाव्या बाजूला केसभर अरुंद आहे, हे हिनेच पकडलं. दप्तर सरळ, उशी सरळ, म्हणून तिथे कळलं नाही; जाकिटाची कॉलर हनुवटीखाली वळते, तिथे कळलं. आमच्या प्रवासी बॅगा गोल कोपऱ्यांच्या असतात. मी दुसऱ्या दिवशी खोक्यातल्या मूठभर चेन वाकवून पाहिल्या. बहुतेक अडकल्या. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "होऊ द्या पास. आपल्याकडे बनलेली, असा कागद लावू. थोडी अडकली तरी लोक समजून घेतील." मी म्हणालो, "समजून घेतील साहेब, पण एकदाच. दुसऱ्या वेळी आपल्याकडचं म्हणून हातही लावणार नाहीत." त्यांनी पेन पुढे सरकवलं आणि मी सही केली. त्या बायका फाटकापाशी उभ्या होत्या ते मलाही आठवतं गं. पण तो माल मी पुढे ढकलला असता तर तुझा कारखाना पुन्हा बंद करायला मीच हातभार लावला असता. तू ओरडणार असशील तर ओरड, फोन मी उचलेन.

ता. क. दुसरा. नापास म्हणजे कायमचा नाही. साहेबांनी दुसऱ्या खोक्याला मुदत दिली आहे, आणि तो खोका तपासायला माझ्याऐवजी वरच्या ऑफिसातून माणूस येईल, असंही मी लिहून घेतलं आहे. तेव्हा रनरच्या साच्याचं बघ. अडकलेली चेन सोबत गुंडाळून दिली आहे.

ता. क. तिसरा, आणि ज्यासाठी मुळात पत्र लिहायला बसलो तो. हे पत्र घेऊन तुझ्यापुढे जी बसली आहे तिने मला बजावलं होतं की, तिचं काम पहिल्याच ओळीत लिही. तिला तुझ्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काम हवं आहे. बस थेट येते, लेक मोठी झाली, स्वयंपाक मी शिकेन (लेक परवाच पहिला घास खाऊन पाणी प्यायली आणि काही बोलली नाही, म्हणजे प्रगती आहे). साहेबांना सांगितलं, ते म्हणाले, तुमचा माल तपासायला आता माणूस वेगळाच आहे, तर हरकत काय. स्वतः विचारायला ती लाजते आहे. आता खिडकीबाहेर बघत असेल. तू तिला नाही म्हणू नकोस, ताई. तिची नजर फार बारीक आहे, आणि आजवर तिच्या तपासणीला घरात माल एकच होता. इतकी वर्षं मी एकटाच नापास होतो आहे.